ये ओल्डे चाय शोप्पे

१२ जानेवारी, रविवार

पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस घरात धडधाकट बसलेला असताना घरच्याच दुकानाच्या पाटीवर असलं इंग्रजी! सकाळपासून डोकं तापलंय. माझी बायको मैना म्हणाली, "बीपीची गोळी घ्या आणि गप बसा." गोळी घेतली. गप बसणं जमेना, म्हणून बँकेची फुकट आलेली ही डायरी उघडली.

तेजल चहाचं दुकान काढते आहे. माझी एकुलती एक लेक, दिवाळीच्या आधी सटाण्याहून आली ती परत गेलीच नाही. जावईबापूंशी, म्हणजे समाधानशी, काय बिनसलंय ते मला धड कुणी सांगत नाही. विचारलं की मायलेकी एकमेकींकडे बघतात आणि कुकर लावायला उठतात. सासर तालेवार आहे, कांद्याचा व्यापार आहे, साठवणीच्या चाळी भरलेल्या असतात. नावातच समाधान असलेला नवरा मिळूनही हिला समाधान नाही, असा विनोद मी जेवताना केला. कुणी हसलं नाही.

तिचं एकच म्हणणं. "दुकान चाललं तर मी इथे राहीन, बाबा. नाही चाललं तर ते लोक मला घेऊन जातील." घेऊन जातील म्हणजे काय, तू कांद्याची गोणी आहेस का, असं मी म्हणालो. त्यावरही कुणी हसलं नाही. हल्ली या घरात विनोदाला उतरती कळा लागली आहे.

तर पाटी. इथेच नाशकात, इंदिरानगरात, कोपऱ्यावरच्या गाळ्यावर लागायची आहे. मल्हारी पेंटर कागदावर नमुना घेऊन आला. पहिला शब्द वाय-ई. मग ओल्ड, त्याला शेवटी एक फालतू ई. मग चाय. मग शॉप, त्यात दोन पी आणि पुन्हा शेवटी ई. मल्हारीने मोठ्यांदा वाचलं, "ये ओल्डे चाय शोप्पे."

आता मला हे शब्द परके नाहीत. उलट मीच घरात आणलेले. इंग्रजीतली मेलेली रूपं गोळा करणं हा माझा जुना नाद. दाखवणे या अर्थी शो, त्यात एके काळी ओच्या जागी ई होता. म्युझिकच्या शेपटाला के होता. टुडेच्या पोटात आडवी रेघ होती. वर्गात हे सांगितलं की पोरं जांभया द्यायची. तेजल मात्र ऐकायची, अगदी लहान असल्यापासून. पण अर्धं ऐकलं की असं होतं. वाय-ई म्हणजे ये नाही! जुन्या इंग्रजीत 'द' या उच्चारासाठी थॉर्न नावाचं वेगळं अक्षर होतं. छापखाने आले तेव्हा ते अक्षर खिळ्यांत नव्हतं, म्हणून त्याच्यासारखा दिसणारा वाय ठोकला. लिहायचं वाय, वाचायचं द. हे मी मल्हारीला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "सर, रंग कोणता द्यायचा तेवढं सांगा."

तेजल म्हणाली, "राहू द्या हो बाबा. मला हेच हवंय." मनातून थोडं बरंही वाटलं, की पोरीला एवढ्या नावांतून माझ्याच नादातलं नाव सुचलं. पण तसं बोलून दाखवलं तर शेफारेल.

२६ जानेवारी, रविवार

दुकान उघडलं. मैनाने नारळ फोडला. चार टेबलं, दहा-बारा खुर्च्या, खिडकीत तुळस. तेजलने आल्याचा चहा असा केला की मी दोन कप घेतले. झेंडावंदन करून पोरं आली, सोसायटीतल्या बायका आल्या. खालच्या मजल्यावरचा दीपक, बँकेत आहे, तो दारातूनच ओरडला, "काय सर, शोप्पे झोकात चाललंय!" त्याला मी बाहेर नेऊन पाटीखाली उभं केलं आणि सगळं समजावलं. तो म्हणाला, "म्हणजे द ओल्ड चाय शॉप? मग तसंच लिहायचं ना सरळ." या माणसाला कर्ज देण्याचे अधिकार आहेत.

तेजल आज हसली. दात दिसले तिचे. किती महिन्यांनी.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मी रोज सकाळी दुकानात बसतो. घरी बसून तरी काय करणार? कुणी शोप्पे म्हटलं की दुरुस्त करतो. कॉलेजच्या चार-पाच मुली नेहमी येतात, भिंतीकडच्या टेबलावर तास तास बसतात. काल त्यांनी माझा व्हिडिओ काढला. मी थॉर्न, छापखाने, सगळं सांगितलं. भाषेत रस असलेली तरुण पिढी आहे म्हणायची. आज दीपकने तो मोबाइलवर दाखवला. खाली कुणीतरी लिहिलंय 'शोप्पे आजोबा', आणि पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं. लोकांना विषय आवडलेला दिसतो.

तेजल म्हणाली, "बाबा, तुम्ही दुपारी घरी आराम करत जा ना." काळजी करते बिचारी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज साखर समजून मी एक डबा उघडला तर आत चहाच्या पत्तीत मोबाइल पुरलेला. थरथरत होता. पडद्यावर समाधानचं नाव. मी म्हटलं, "अगं, जावयाचा फोन! उचल की." ती म्हणाली, "नको." मी म्हटलं, "नवरा फोन करतो आणि तू त्याला पत्तीत पुरतेस?" तर म्हणाली, "बाबा, तिकडे मला कुणी अगंसुद्धा म्हणत नाही. ए म्हणतात. ए, चहा. ए, इकडे. माझं नाव तरी आठवतंय का त्या घराला, कुणास ठाऊक."

मी तिला सांगितलं की इंग्रजीतही असं संबोधन होतं, नुसता एक ओ. ओ राजा, ओ मृत्यू, असं. आता कुणी वापरत नाही. ती कप विसळायला गेली.

तिचा डावा हात पूर्ण वर जात नाही. फळीवरचे डबे मैनाच काढून देते. विचारलं तर म्हणाली, जिन्यावरून पडले होते. सटाण्याचं घर बैठं आहे ना? जिना कुठला? लग्नानंतर मी तिथे फारसा गेलेलो नाही, मागच्या बाजूला असेल एखादा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पुढच्या महिन्यात तेजलचा वाढदिवस. मी तिच्यासाठी एक गंमत ठरवली आहे. मल्हारीशी बोललो. मैनाला सांगितलेलं नाही, तिच्या पोटात तीळ भिजत नाही.

तेजल लहान असताना आमचा एक खेळ होता. शाळेला निघाली की मी दारात अडवायचो, "व्हिदर गोएस्ट दाउ?" म्हणजे कुणीकडे चाललीस तू? ती दप्तर सावरत ओरडायची, "टू स्कूल, अँड हिदर अगेन!" शाळेत, आणि पुन्हा इकडेच. व्हिदर गेला, हिदर गेला, दाउ तर कधीच गेला. इंग्रजांनी त्यांचा 'तू' हरवला. आता सगळ्यांना यू. तेजल मराठीत मला अहो-जाहो करते, पण त्या खेळात "व्हिदर गोएस्ट दाउ, बाबा?" असं उलट विचारायची. तेवढ्यापुरती एकेरीवर यायची. मला ते फार आवडायचं. आज दुकानातून निघताना मी दारात तसंच विचारलं. ती हसून म्हणाली, "होम, अँड हिदर अगेन." दोन महिने दुकान असंच चाललं तर ती तिकडचं नावही काढणार नाही असं वाटतं. ते चांगलं की वाईट, मला ठरवता येत नाही. लोक विचारतात.

५ मार्च, बुधवार

वाढदिवस. आणि माझा मूर्खपणा म्हणा की लोकांचा, तो सगळा वाढदिवसावर सांडला.

पहाटेच मल्हारीला शिडी घेऊन बोलावलं होतं. वाय खरवडून त्या जागी खरा थॉर्न काढून घेतला. पीला वर डोकं फुटल्यासारखं ते अक्षर. मल्हारी म्हणाला, "सर, पीला शिंग कशाला काढता?" मी म्हटलं, तू काढ. नाशकात काय, अख्ख्या महाराष्ट्रात कुणाच्या पाटीवर हे अक्षर नसेल.

तेजल आली. वर बघून थांबली. "बाबा, ये कुठे गेलं?"

मी मोठ्या आनंदाने सांगितलं की ये नव्हतंच ते कधी, द होतं, आता कुणीही चुकीचं वाचणार नाही. ती पायरीवर बसली. म्हणाली, "मला माहीत होतं हो ते द आहे. तुम्हीच सांगितलं होतंत, पाचवीत असताना. मी ते ये वाचावं म्हणूनच लावलं होतं. रस्त्याने जाणाऱ्या बाईला कुणीतरी ये म्हटलेलं दिसावं. दारावरच. ये, बस, चहा घे. एवढंच हवं होतं मला."

मी "म्हणजे अज्ञानाचा फायदा घ्यायचा?" असं काहीतरी बोललो. मैना केक घेऊन आली, तिने पाटी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि केक तसाच टेबलावर ठेवून दिला.

दिवसभरात तिघांनी विचारलं, "काका, पे म्हणजे ऑनलाइन पेमेंटचं सेंटर का?" एक जण वीजबिल घेऊन आला होता.

मल्हारीला पुन्हा वाय काढायला सांगतो म्हणालो, तर तेजल म्हणाली, "राहू द्या आता."

१६ मार्च, रविवार

आज एक चांगलं काम केलं. घरात कुणी करत नाही म्हणून मीच समाधानला फोन केला. किती अदबीने बोलतो! "बरं शे ना मामा?" अशी सुरुवात. त्यांच्याकडची अहिराणी कानाला गोड लागते. म्हणाला, "मामा, मला तर माहीतच नाही ती कुठं बसते दिवसभर. फोन उचलत नाही. मी काय वैरी आहे का?" मला वाईट वाटलं. दुकानाचा पत्ता दिला. म्हटलं, या एकदा, चहा प्यायला या. समोरासमोर बसलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

मैनाला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. विळी पाडून ठेवली तिने. म्हणाली, "या म्हणालात? तुम्ही त्याला या म्हणालात?" मी म्हटलं, मग जावयाला काय ये म्हणू? आदरार्थी बहुवचन असतं. ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. मला या बाईचं काही कळत नाही.

२३ मार्च, रविवार

समाधान आला. पांढराशुभ्र शर्ट, मिठाईचा मोठा बॉक्स. माझ्या पाया पडला. तेजल गाळ्यात कप भरत होती. त्याने हाक मारली, "ए." फक्त एवढंच, आणि तेही हळू, हसत. तिच्या हातातून ट्रे पडला. सहाही कप फुटले. मुली दचकून उठल्या. समाधान खाली बसून काचा गोळा करायला लागला. मी म्हटलं बघा, कसा माणूस आहे. चारचौघांत बायकोच्या काचा वेचतो.

तो संध्याकाळपर्यंत बसला. दारासमोरच्याच खुर्चीवर.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढी उभारली. सणाला म्हणून दुकान बंद ठेवू म्हटलं, तर तेजल ऐकेना. समाधान आजही आला. आता तो दिवसाआड येतो, सटाण्याहून एवढ्या लांब, द्वारका चौकातली ती सगळी वाहतूक तुडवून. पहिल्या खुर्चीवर बसतो. काही मागवत नाही, काही बोलत नाही. कुणी बाई आत आली की तिच्याकडे मान वळवून बघतो, मग तेजलकडे बघतो. मी विचारलं, कंटाळा नाही येत? म्हणाला, "मामा, आपलं माणूस आहे. लक्ष ठेवायला नको?" असा जीव लावणारा नवरा माझ्या ओळखीत नाही.

भिंतीकडचं टेबल रिकामं असतं. कॉलेजच्या परीक्षा असतील.

९ एप्रिल, बुधवार

गिऱ्हाईक नाही. दुपारभर आम्ही तिघंच, मी, तेजल आणि खुर्चीतला समाधान. सोसायटीतल्या बायका पलीकडच्या फुटपाथने जातात. त्या मुलींतली एक रस्त्यात भेटली. म्हटलं, परीक्षा संपल्या का? म्हणाली, "परीक्षा नाही आजोबा. ते काका घाण बघतात. आणि ताईंकडे बघवत नाही आता."

गाळ्याच्या मालकाने तेजलला सांगितलं की घरच्या भानगडी असतील तर गाळा सोडा, बाकीचे दुकानदार तक्रार करतात.

इतकं उकडतंय आणि ही पोरगी लांब बाह्यांचे कुर्ते घालते. मी तसं म्हटलं. मैना भडकलीच. "तुमी मेल्या शब्दांना मांडीवर घेऊन बसा. कुठला वाय कुठं गेला, कुठला के कुठं गेला. जित्या पोरीकडं बघाया सवड नाय. लय शिकले तुमी, लय!" ती दिंडोरीकडची, रागावली की तिकडची भाषा येते. मी म्हटलं, मग नीट सांगा ना काय झालंय ते! तर तेजल मध्ये पडली. "आई, नको. सांगितलं तर बाबा म्हणतील, त्याला इंग्रजीत काय म्हणतात."

मी असं म्हटलं नसतं. मी जेवलो नाही.

१३ एप्रिल, रविवार

आज घरी बैठक झाली. समाधान, त्याचे वडील रावजी, त्यांच्याकडचे दोन मानकरी. बाहेरच्या खोलीत सतरंजी घातली. रावजी म्हणाले, "सून घरमा पाहिजे. दुकानबिकान आमच्यात चालत नाही." मानकरी म्हणाले, झालं गेलं विसरायचं. समाधान म्हणाला, माझं काही चुकलं असेल तर मी पाय धरतो. खरंच धरले, माझे.

मैना बोलली. ती म्हणाली, पोरगी जाणार नाही. रावजींनी माझ्याकडे बघितलं. "सर, तुम्ही शिकलेले. तुमच्या शब्दाला वजन आहे. तुम्ही सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. तेजल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तीही बघत होती, आणि शाळेत पेपर मिळण्याच्या आधी पोरं बघतात तसा तिचा चेहरा होता. मला वाटलं, दुकान तसंही गेलंच. इथे राहून ती करणार काय? आमच्यानंतर कोण? मी म्हणालो, नांदायला जावं.

तिने आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला.

१६ एप्रिल, बुधवार

तेजल गेली.

सकाळी समाधान गाडी घेऊन आला. एकच बॅग. तुळस मैनाला दिली. मैना देवासमोर बसली ती बाहेर आलीच नाही. ओटीसुद्धा भरली नाही तिने.

पोरगी चप्पल घालून दारात उभी राहिली. मला वाटलं, जरा हलकं करावं. मी विचारलं, "व्हिदर गोएस्ट दाउ?" ती वाकून पाया पडली आणि म्हणाली, "जाते."

मी म्हटलं, "अगं, जाते काय म्हणतेस? जाते म्हणू नये. येते म्हण."

ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच शिकवलंत ना, शब्द बरोबर वापरावा म्हणून."

खालून हॉर्न वाजला. ती उतरली. मी गॅलरीत गेलो. गाडीचं मागचं दार त्याने उघडून धरलं होतं. ती बसेपर्यंत तो वर बघून मला हात करत होता. मीही हात केला.

१९ एप्रिल, शनिवार

गाळा रिकामा केला. टेबलं दीपकने कुणाला तरी दिली. पाटी मल्हारीने काढून घरी आणून टाकली. दारामागे उभी केली आहे. मैना माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते.

फोन करतो तर समाधान उचलतो. "ती निजली मामा." दुपारी केला, तरी निजली. संध्याकाळी, तरी तेच.

२८ एप्रिल, सोमवार

परवा अक्षय्य तृतीया. सटाण्याकडे तिला आखाजी म्हणतात आणि दिवाळीपेक्षा मोठी मानतात. सासरी असलेल्या सगळ्या पोरी त्या दिवशी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. माहेरचं माणूस न्यायला जातं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. भाऊ नाही म्हणून मी गेलो. त्यांच्याच रिवाजाने मागायचं, मग नाही कसं म्हणतील, असा माझा हिशेब. तेजल गेल्यापासून मैना आज पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "तिला घेऊनच या." पुरणाची डाळ काढून ठेवली तिने.

एसटीने गेलो. घरोघर मुऱ्हाळी आलेले. गल्लीत पोरी नव्या बांगड्या घालून, पिशव्या भरून तयार. मला बाहेरच्या पलंगावर बसवलं. रावजी, समाधान, दोघे समोर. तेजल पाणी घेऊन आली. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, अर्ध्या गालापर्यंत. मी म्हटलं, चल, आखाजीला न्यायला आलोय. तिने समाधानकडे बघितलं. तो म्हणाला, "मामा, कांदा काढणीला आलाय, मजुरांचा स्वयंपाक कोण करील? पुढच्या वर्षी बघू."

मला तिच्याशी एकटं बोलायचं होतं. ते उठेनात. मग मला सुचलं. मी इंग्रजीत विचारलं, आमच्या त्या इंग्रजीत, की यांना काही कळू नये. दाउ, आर्ट दाउ वेल? विल्ट दाउ कम हिदर? बरी आहेस ना तू? येशील इकडे?

समाधान हसला. "काय मामा, इंग्लिशमध्ये कानगोष्टी?" आणि मग तिच्याकडे वळून, "ए. काय म्हणतात ते?"

ती तांब्याकडे बघत होती. म्हणाली, "मला नाही येत आता इंग्रजी."

चहा झाला. मी हात धुवायचं निमित्त करून आत गेलो, मागच्या दारापर्यंत गेलो, परसात गेलो. चाळीपर्यंत सगळीकडे बघितलं. घर बैठंच आहे. जिना नाही.

परतीच्या एसटीत माहेरी निघालेल्या पोरीच पोरी. सगळ्या हसत होत्या. मला जागा दिली एकीने, म्हणाली, "बाबा, बसा ना." मी रडायला लागलो. तिला वाटलं, उन्हाने.

२९ एप्रिल, मंगळवार

पोलीस चौकीत गेलो. मुलगी स्वतः तक्रार करते का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. तिने तुम्हाला काही सांगितलंय का? नाही. तुम्ही काही बघितलंय का? मी म्हटलं, जिना नाही. साहेब म्हणाले, म्हणजे? मी सांगायला लागलो तर ते म्हणाले, "सर, नांदायला तुम्हीच पाठवलंत ना?" बैठकीचं मीच सांगितलं होतं. पाणी दिलं त्यांनी.

मैनाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला कवाच म्हाईत व्हतं. पोरीनं शपथ घातली व्हती, बाबांना सांगू नको, ते खचतील म्हणून." एवढं बोलून तिने डाळ परत डब्यात ओतली.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

कुणी आलं नाही.

११ मे, रविवार

पुन्हा एकदा जाऊन आलो. दाराला आतून कडी होती. रावजी अंगणातूनच म्हणाले, सगळे शेतावर गेलेत. आत भांडं पडल्याचा आवाज आला. मी हाक मारली. नावाने मारली, दोनदा. कुणी ओ दिली नाही.

आज मल्हारीला बोलावलं. म्हटलं, ते अक्षर खरवड आणि पहिल्यासारखा वाय काढ. मल्हारी म्हणाला, "सर, दुकान तर बंद झालं. आता पाटी कशाला?" मी म्हटलं, तू काढ. त्याने काढला, पहिल्यापेक्षा मोठा. मग आम्ही दोघांनी मिळून पाटी गॅलरीच्या कठड्याला तारेने बांधली. मैनाने तार पिळायला पक्कड आणून दिली. पाटीवरची धूळ पदराने पुसली तिने.

ही गॅलरी रस्त्याकडे आहे. सटाण्याची गाडी इकडून जात नाही. कुणी आलंच तर दिसावी, एवढंच.

संध्याकाळी दीपक भाजीची पिशवी घेऊन खाली उभा राहिला. मान वर करून मोठ्यांदा वाचलं, "ये ओल्डे..." मग जीभ चावली. "सॉरी सर. ये नाही ना, द. तुम्ही सांगितलं होतं."

मी वरून म्हणालो, "नाही. ये. ये असंच आहे ते."